चिलखत: अंगातले आणि चित्रातले

चिलखत म्हटले, की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी सिनेमातला सरदार उभा राहतो. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोलादात बंद, तोंडावर झडप, हातात लांबलचक भाला आणि मांडीखाली तसाच मढवलेला घोडा. युरोपात याला नाईट म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याचे नाव शेव्हालिए, आणि ते घोड्याच्या नावावरूनच पडले आहे. म्हणजे आधी घोडा, मग सरदारकी. आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. जुन्या मराठीत घोडेस्वाराला राऊत म्हणत आणि पायी लढणाऱ्याला पाईक. पुढे शिलेदार आला. 'सिलाह' म्हणजे हत्यार. स्वतःचे घोडे आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. या हिशेबाने फ्रान्समधला नाईट हा शिलेदारच म्हणायचा.

दोघेही घोड्यावरचे, दोघेही हत्यारबंद, दोघांचेही काम मरणाशी गाठ घालणारे. मग फ्रान्सच्या जुन्या चित्रांत लोखंड इतके ठळक दिसते आणि आपल्या त्याच काळातल्या शिल्पांत ते जवळजवळ दिसतच नाही, असे का? या प्रश्नामागे लागलो आणि लक्षात आले, की हा प्रश्न लढाईपेक्षा चित्र कसे पाहावे याविषयी अधिक आहे.

प्रथम फ्रान्सकडे जाऊ. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकले. या स्वारीची सगळी हकिकत कापडावर लोकरीच्या धाग्यांनी भरून काढलेली आहे. बायो या गावाच्या नावाने हा भरतकामाचा पट ओळखला जातो. उंची जेमतेम अर्धा मीटर आणि लांबी सुमारे ७० मीटर. त्यातल्या स्वारांच्या अंगावर गुडघ्यापर्यंत पोचणारे सदरे आहेत आणि सदऱ्यांवर सगळीकडे गोल गोल कडी भरलेली आहेत. हे कड्यांचे चिलखत. पोलादी पत्र्याचा तो चकचकीत पोशाख अजून तीनशे वर्षे पुढे आहे.

या पटात मला दोन जागा फार बोलक्या वाटतात. एका ठिकाणी जहाजावर सामान चढवायचे चालले आहे. चिलखताच्या दोन्ही बाह्यांतून काठी घातली आहे आणि दोन माणसे ती खांद्यावर घेऊन निघाली आहेत, आपल्याकडे जड ओझे काठीला अडकवून दोघांत नेतात तशी. ते चिलखत किती जड होते हे सांगायला आणखी शब्द नकोत. दुसरी जागा लढाईच्या शेवटी, खालच्या किनारीत आहे. तिथे मेलेली माणसे पडली आहेत आणि जिवंत माणसे त्यांच्या अंगातले चिलखत डोक्यावरून ओढून काढत आहेत. चिलखत काढले, की खाली नुसता उघडा देह. भरतकाम करणाऱ्यांनी विजयाच्या कथेखालीच ही किनार भरून ठेवली आहे. चिलखत इतके महाग, की माणूस गेला तरी ते मातीत जाऊ द्यायचे नाही.

महाग असणारच. एका चिलखतात हजारो कडी लागत. लोखंडाची तार काढायची, ती दांड्याभोवती गुंडाळायची, कापून तिची कडी करायची, प्रत्येक कडे शेजारच्या चार कड्यांत ओवायचे, त्याची टोके चपटी करून भोक पाडायचे आणि त्यात बारीक रिव्हेट ठोकून ते बंद करायचे. हे काम महिनोन्‌महिने चाले. तयार झालेला सदरा साधारण दहा-बारा किलोंचा होई. तलवारीचा वार तो अडवी, पण गदेचा किंवा कुऱ्हाडीचा दणका हाडापर्यंत पोचे. म्हणून त्याच्या आत कापूस किंवा चिंध्या भरून शिवलेला जाड अंगरखा घालावा लागे. हा अंगरखा चित्रात सहसा दिसत नाही, पण त्याच्याशिवाय चिलखत निम्मेच उपयोगाचे.

दुसरे उदाहरण त्याहून मजेचे आहे. १२४० च्या दशकात पॅरिसच्या परिसरात बायबलमधल्या कथांची एक चित्रमय पोथी तयार झाली. तिची बहुतेक पाने आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत. तिच्यात शौल राजा आहे, दावीद आहे, त्यांच्या लढाया आहेत. येशूच्याही हजार वर्षे आधीची ही माणसे. पण चित्रकाराने त्यांना कपडे चढवले आहेत ते आपल्या काळातल्या फ्रेंच सरदारांचे. तीच कड्यांची चिलखते, तेच डब्यासारखे शिरस्त्राण, तीच लांब तलवार. चित्रकाराने कुणाला फसवलेले नाही. त्याच्या लेखी योद्धा म्हणजे असाच. आपल्याकडे यशोदेला नऊवारी नेसवणारे चित्रकार झालेच की. इतिहासाला मात्र याचा एक फायदा झाला. दावीदच्या काळाविषयी ही पोथी काहीच सांगत नाही, पण १२४० च्या फ्रान्सविषयी तिच्याइतके तपशिलात दुसरे कोणी सांगत नाही. चिलखताचा हातमोजा कुठे बांधतात, टोप घालताना आधी डोक्याला काय गुंडाळतात, सगळे त्यात आहे.

या पोथीचा पुढचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. १६०८ मध्ये पोलंडच्या एका कार्डिनलची भेट म्हणून ती इराणच्या शाह अब्बासला इस्फहानमध्ये नजर करण्यात आली. शाहच्या दरबारात तिच्या समासांत फारसीत टिपा लिहिल्या गेल्या. फ्रेंच सरदार, यहुदी राजे आणि भोवती नस्तलीक वळणाची फारसी अक्षरे. एका पानावर किती मुलखांनी गर्दी करावी!

आता घरी येऊ. सिन्नरच्या माणसाला यादवांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. सेऊणचंद्राने वसवलेले सेऊणपूर म्हणजे हेच गाव, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी नेली, त्याआधी यादवांचे बस्तान इथे होते. त्या वैभवाची मोठी खूण म्हणजे गोंदेश्वर. मधे शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची लहान मंदिरे, असे हे पंचायतन आहे. शाळेच्या सहली तिथे नेहमी येतात. अशाच एका सहलीतल्या मुलीने एकदा मला विचारले, "सर, हे सगळे लढायला उघडेच जायचे का? यांना लागत नव्हते?" तिच्याबरोबरच्या बाई तिला गप्प करू पाहत होत्या. मी म्हटले, "बाई, राहू द्या. प्रश्न बरोबर आहे."

प्रश्न खरोखरच बरोबर होता. त्या काळची दख्खनमधली शिल्पे पाहा. धनुष्य ओढणारा राम, वानर, राक्षस, युद्धाला निघालेले स्वार. कमरेला वस्त्र, गळ्यात दागिने, हातात शस्त्र आणि छाती उघडी. ही शिल्पे घडत होती त्याच सुमाराला फ्रान्समध्ये शार्त्रच्या चर्चच्या दारात संत थिओडोर कड्यांचे चिलखत घालून उभा राहिला. एक संत लोखंडात आणि आपले सगळे वीर उघडे.

याला गंमतशीर अपवाद एका देवाचा आहे. सूर्याची मूर्ती उत्तरेकडच्या लोकांसारखी वेश केलेली असावी, पायांपासून छातीपर्यंत झाकलेली असावी, असे वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहून ठेवले आहे. म्हणून उत्तर हिंदुस्थानात सूर्याच्या पायात चक्क उंच बूट दिसतात. मध्य आशियातून घोड्यावरून आलेल्या लोकांचा तो पेहराव. हाच सूर्य दक्षिणेकडे उतरला आणि इथल्या पाथरवटांनी त्याचे बूट काढून ठेवले. आपल्या हवेत देवालासुद्धा बूट सोसवले नसावेत.

पण याचा अर्थ यादवांच्या काळात चिलखत माहीतच नव्हते असा नाही. कवच हा शब्द महाभारताइतका जुना. कर्णाची कवचकुंडले कोणाला ठाऊक नाहीत? आणि यादवांच्याच राज्यात, १२९० साली, नेवाशाला बसून ज्ञानेश्वर गीता मराठीत सांगत होते तेव्हा दुसऱ्या अध्यायात त्यांनी वज्रकवचाचा दाखला दिला आहे. वज्राचे कवच अंगात असले, की शस्त्रांचा वर्षाव सोसूनही माणूस जसा न शिवता राहतो, तशी ही बुद्धी, असा त्याचा आशय. समोर बसलेल्या श्रोत्यांना कवच म्हणजे काय हे माहीत नसते, तर असा दृष्टान्त चाललाच नसता. दृष्टान्त नेहमी ओळखीच्या वस्तूचाच देतात. म्हणजे कवच लोकांना ठाऊक होते. शिल्पात ते कोरायचे नाही, असे पाथरवटाने ठरवलेले होते.

का ठरवले असेल? याचे उत्तर मंदिरापेक्षा गावाबाहेरच्या वीरगळात सापडते, असे मला वाटते. वीरगळ तुम्ही नक्की पाहिला असेल, मग त्याचे नाव ठाऊक असो वा नसो. पारावर, मारुतीच्या देवळाशेजारी किंवा वेशीपाशी उभा असलेला कंबरेएवढा, कधी पुरुषभर दगड. त्यावर एकावर एक चौकटी कोरलेल्या. तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली वीर पडलेला आहे. त्याच्या वरच्या चौकटीत लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला हाताला धरून नेत आहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर कलश, आणि बाजूंना चंद्र-सूर्य. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती, असा त्याचा अर्थ. काही दगडांवर खालच्या चौकटीत गाईगुरे कोरलेली असतात. गावाची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना जो पडला, त्याचा तो दगड.

या शेवटच्या गोष्टीतच एक कारण दडले आहे. हा वीर दर वेळी राजाचा सरदार नव्हता. पुष्कळदा तो गावचा गडी होता. रात्री गुरे हाकलली गेली, तो ढाल-तलवार, नाही तर नुसती काठी घेऊन धावला आणि पहाटे त्याला खांद्यावर घरी आणला. त्याच्याकडे चिलखत असणार कुठून? फ्रान्समध्ये चित्रे काढून घेणारे होते ते राजे, सरदार आणि मोठमोठे मठ. आपल्याकडे दगड उभा करणारे होते वीराचे घरचे आणि त्याचा गाव. पैसा कोणाचा, यावर चित्रात काय येणार हे पुष्कळसे ठरते.

दुसरे कारण दगडाचे. सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण आणि भरड. हातभर उंचीच्या चौकटीत दहा माणसे आणि दोन घोडे बसवायचे, तर त्यात हजारो कडी कोण कोरणार?

तिसरे कारण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. बायोच्या पटाला लढाई कशी झाली हे सांगायचे होते. वीरगळाला तो माणूस कुठे गेला हे सांगायचे आहे. स्वर्गात चिलखत नेत नाहीत. अप्सरा ज्याला न्यायला येणार, तो देवासारखाच दिसायला हवा, आणि आपले देव उघड्या अंगाचे. एकीकडे मेलेल्या माणसाच्या अंगातून चिलखत ओढून काढत आहेत, दुसरीकडे पाथरवटाने ते आधीच उतरवून ठेवले आहे. शेवटी दोघांनी आपल्याला दाखवला आहे तो उघडा देहच.

चित्रातला लोखंडाचा पोशाख आपल्याकडे ठळक झाला तो पुढच्या शतकांत, फारसी वळणाच्या चित्रकलेबरोबर. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. त्यानंतर दख्खनमध्ये बहामनी आले, मग निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही. त्यांच्या दरबारात चित्रमय पोथ्या तयार होऊ लागल्या. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाच्या गौरवासाठी लिहिलेले 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईची चित्रे त्यात आहेत. पुढे अकबराच्या चित्रशाळेत तर घोडे आणि हत्तीसुद्धा चिलखत घालून उभे राहिले.

आणि चित्रांबरोबर शब्द आले. इथे मात्र माझ्यातला कवी जागा होतो. आमच्या घरात उर्दू बोलली जाई आणि दाराबाहेर मराठी. त्यामुळे हे शब्द मला दोन्ही बाजूंनी भेटले. जिरेटोप घ्या. यातल्या जिऱ्याचा फोडणीशी काही संबंध नाही. 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्यांचे विणकाम. जिरेटोप म्हणजे असे विणकाम असलेला टोप. आज आपण महाराजांच्या चित्रातल्या शिरपेच लावलेल्या टोपाला तो शब्द वापरतो, पण शब्दाच्या पोटात अजून ती लोखंडी कडी आहेत. बख्तर फारसीतून आले. 'आईन-ए-अकबरी'तल्या शस्त्रागाराच्या यादीत 'चिहलकद' नावाचा एक अंगरखा आहे. 'चिहल' म्हणजे चाळीस. आपले चिलखत त्याच्याच गोत्रातले वाटते. छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणाऱ्या चार पोलादी पत्र्यांना 'चारआईना' म्हणत, म्हणजे चार आरसे. ज्या शिपायाने आपल्या अंगावरच्या पत्र्याला आरसा म्हटले, तो मोठा कवी असला पाहिजे. हे पत्रे घासून लखलखीत करणारा तो सैकलगर. त्याचाच शिकलगार झाला. ते आडनाव लावणारी घरे आज महाराष्ट्रात जागोजाग आहेत आणि त्यांच्यातल्या काहींच्या हातांनी परवापरवापर्यंत आपल्या विळ्या-कात्र्यांना धार लावली आहे.

सगळ्यात सुंदर शब्द मात्र पाखर. पाखर म्हणजे घोड्याचे किंवा हत्तीचे चिलखत. हा शब्द संस्कृत-प्राकृतातून आलेला, आपला जुना. घोड्यावर पाखर घालत. आज घोडे गेले, रणांगण गेले, आणि आपण म्हणतो, 'आईने मायेची पाखर घातली'. बोलणाऱ्याला ठाऊकही नसते, की आपण एका लढाईच्या घोड्याविषयी बोलतो आहोत. माणसाने लोखंडाची एक वस्तू घेतली आणि चार-पाचशे वर्षे बोलून बोलून तिची आईच्या पदरासारखी मऊ वस्तू केली. लोहार हे करू शकत नाही. ते भाषेलाच जमते.

आता शिवाजी महाराजांकडे येऊ, कारण मराठी माणसाच्या मनातले चिलखत त्यांच्याशी बांधलेले आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट झाली. महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोईला पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, खानाचा वार त्या चिलखतावर निभावला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या गोष्टीतले मर्म असे, की ते चिलखत आत होते. वरून दिसले असते, तर ती भेट भेट राहिली नसती. युरोपच्या सरदाराचे चिलखत दिसण्यासाठी असे. त्यावर घराण्याची चिन्हे रंगवलेली असत, कारण तोंड झाकल्यावर हा कोण हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. महाराजांचे चिलखत न दिसण्यासाठी होते. दोन्ही कारागिरी तीच. हेतू उलटे.

उघड चिलखत घालण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला, आणि तो आमच्या नाशिक जिल्ह्यात. सुरतेची दुसरी लूट करून परतताना, ऑक्टोबर १६७० मध्ये, वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखान आडवा आला. त्या दिवशी महाराज स्वतः बख्तर घालून, हाती पट्टे चढवून घोड्यावर बसले, असे सभासदाच्या बखरीत आले आहे. खजिन्याची घोडी पुढे काढून दिली आणि मागे राहून लढाई दिली. दिंडोरीच्या द्राक्षबागांमधून जाताना मला नेहमी वाटते, की या प्रसंगाचे एखादे समकालीन चित्र असते तर काय बहार झाली असती.

ते नाही. महाराजांची जी समकालीन किंवा जवळच्या काळातली चित्रे आहेत, ती दरबारी वेशातली आहेत. त्यांतले एक घोड्यावरचे चित्र फार प्रसिद्ध आहे. मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराने निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या प्रवाशासाठी ते काढले, १६८६ च्या आधी. आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराज घोड्यावर आहेत, भोवती पायी चालणारे सेवक आहेत आणि अंगात जामा आहे. चिलखत नाही, किंवा असलेच तर जाम्याच्या आत आहे. मोगलांच्या पदरच्या एका मुसलमान चित्रकाराचा हात, व्हेनिसच्या माणसाचे पैसे, फ्रान्सचे ग्रंथालय, आणि चित्रात आपला राजा. हे चित्र पाहताना कोणी ते कोणाचे म्हणून भांडू लागले, की मला त्या चित्रकाराची कीव येते. त्याला फक्त घोड्याचा पाय नीट उचललेला दाखवायचा होता, आणि त्याने तो दाखवला.

चित्र किती जपून वाचावे लागते याचा दाखला याच विषयात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात होते आणि लोक त्यालाच हार घालीत होते. १९३३ मध्ये वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी डच साधनांतले खरे चित्र पुढे आणले, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. फ्रान्समध्ये जोन ऑफ आर्कचेही असेच आहे. १४२९ मध्ये राजाने तिच्यासाठी तूर शहरात पोलादी चिलखत करवून घेतले, हिशेबात त्याची नोंद आहे. आजची तिची सगळी चित्रे आणि पुतळे त्या चिलखतातले. पण तिच्या हयातीतले म्हणून जे एकच चित्र हाती उरले आहे, ते पॅरिसच्या एका कारकुनाने वहीच्या समासात काढलेले छोटेसे रेखाटन. त्याने तिला कधी पाहिले नव्हते. त्यात ती स्त्रीवेशात आहे, केस मोकळे, हातात निशाण आणि तलवार. जी पुरुषवेशात लढली, तिला कारकुनाने झगा घातला. जी जाम्यात दिसते ती व्यक्ती आत चिलखत घालून असेल, आणि जी चिलखतात दिसते तिला ते चित्रकाराने चढवलेले असेल.

चिलखताचा शेवट कसा झाला, हेही थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये चौदाव्या शतकात बाण अधिक जोरकस झाले तसे कड्यांवर पत्रे चढले, आणि पंधराव्या शतकात पूर्ण पत्र्याचा पोशाख आला. तो वीस-पंचवीस किलोंचा असे, पण वजन सगळ्या अंगावर वाटलेले असल्याने त्यात धावता येई, घोड्यावर चढता येई. सरदारांना यारीने उचलून घोड्यावर ठेवत, ही सिनेमाने पसरवलेली गोष्ट आहे. तरीही २५ ऑक्टोबर १४१५ ला अ‍ॅजिनकोर्टच्या पावसाने भिजलेल्या नांगरटीत फ्रेंच सरदार चिखलात रुतले आणि हलक्या पोशाखातल्या इंग्रज तिरंदाजांनी त्यांना लोळवले. सिन्नरच्या काळ्या मातीतून पावसाळ्यात चाललेल्या माणसाला ही लढाई वेगळी समजावून सांगायला नको. पुढे बंदुकीने उरलेसुरले काम केले.

आपल्याकडे चिलखताला दुसराही शत्रू होता. ते म्हणजे ऊन. एप्रिलच्या दुपारी तापलेले लोखंड अंगात घालून कोण किती कोस जाणार? म्हणून दख्खनमध्ये कापसाचे अनेक थर शिवून, वर पितळी फुल्या ठोकलेले जाड अंगरखे पुष्कळ चालत. मराठ्यांची लढाईची रीत तर वेगाची होती. आले, मारले, घाटात उतरले. अशा स्वाराला घोड्यावर कमी ओझे हवे. लोखंडाऐवजी त्याने डोंगरच अंगावर घेतला होता, असे म्हटले तरी चालेल.

शब्द मात्र सेवेत राहिला. रणगाड्यांच्या दलाला आपण चिलखती दल म्हणतो, आणि त्याचे प्रशिक्षण केंद्र आहे ते निजामशाहीच्याच जुन्या राजधानीत, आजच्या अहिल्यानगरला. तिथले रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून आहे. खऱ्या चिलखतांसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराची म्हणून जपलेली पोलादी चिलखतपट्टी आणि राशींची चित्रे असलेली ढाल पाहावी. त्या वस्तू काचेआड आहेत, त्यांच्यावर दिवे आहेत, त्यांना पहारा आहे.

वीरगळाला पहारा नाही. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला समुद्रावरची लढाई कोरलेले वीरगळ आहेत, त्यांच्यावर अभ्यासकांनी लिहिले तरी आहे. खेड्यापाड्यांतल्या दगडांचे काय? काहींना शेंदूर फासला आहे, इतका, की खालची माणसे दिसेनाशी झाली आहेत. काही ओढ्यावर पालथे पडून धुणे धुण्याच्या कामी आले आहेत. काही रस्ता रुंद करताना बाजूला लोटले गेले, काही बांधाच्या दगडांत चिणले गेले. बहुतेकांवर नाव कोरलेले नाही. फ्रेंच सरदाराच्या ढालीवर त्याच्या घराण्याचे चिन्ह होते, म्हणून आठशे वर्षांनी त्याचा वंशज त्याला शोधून काढतो. आपल्या वीराची ओळख म्हणजे तो दगड ज्या गावात उभा आहे ते गाव, एवढीच. दगड गावातून हलला, की माणूस दुसऱ्यांदा मेला.

म्हणून एक विनंती. पुढच्या खेपेला गावी गेलात, की पारावरचा असा दगड शोधा. त्याला हलवू नका, खरवडू नका, रंग देऊ नका. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना पाहा, तेव्हा झिजलेल्या रेघाही उठून दिसतात. खालच्या चौकटीपासून सुरुवात करा. गुरे आहेत का, घोडा आहे का, ढाल गोल की लांबट, सोबत किती माणसे, शेजारी काटकोनात वळलेला आणि बांगड्या भरलेला हात आहे का, हे बघा. हात असेल, तर तो सतीचा दगड. त्या घरातून दोन माणसे गेली. फोटो काढा, गावाचे नाव आणि तारीख लिहा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, की याला काय म्हणतात. पुष्कळदा ते एवढेच सांगतात, "तो आमचा जुना बाप्पा." ते उत्तरही लिहून घ्या. लेकराबाळांना सोबत न्या आणि त्यांनी विचारले, की हा उघडाच का, तर त्यांना गप्प करू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)